प्रेशर बरोबर, गाडी बंद

“मॅडम, हे गाडीची बिमारी नाहीच. चालवणाऱ्याची आहे.”

मेश्राम काका माझ्या गॅरेजमध्ये उघड्या बॉनेटपाशी उभे राहून हे सांगत होते. ज्या चालवणाऱ्याची बिमारी, ती त्यांची सून वैशाली दोन हात अंतरावर उभी होती आणि सगळं ऐकत होती. माझ्या हातात फ्युएल प्रेशरचं गेज होतं. काटा जिथे असायला पाहिजे बरोबर तिथेच उभा, हलायचं नाव नाही. आदल्या दिवशी भर दुपारी ही गाडी कुहीच्या रस्त्यावर बंद पडली होती. त्याआधीही तिथेच पडली होती, आणि मध्ये मीच तिला नवा फ्युएल पंप टाकून दिला होता. म्हणजे बिमारी एकतर वैशालीची होती, नाहीतर माझी.

माझं गॅरेज नागपुरात, कळमन्याच्या रस्त्यावर आहे. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला, बरीच वर्षं एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढली, मग बॉसचं ऐकण्यापेक्षा गिऱ्हाइकाचं ऐकलेलं बरं म्हणून स्वतःचं शटर उघडलं. अजूनही नवा माणूस आला की माझ्याकडे बघून विचारतो, मालक कुठे गेले? मी सांगते, जेवायला गेले, तोवर मी बघते. गाडी सुधरून हातात मिळाली की त्याला कळतं, मालक अजून उपाशीच आहे.

फ्युएल पंप म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, पुढचं सोपं जाईल. विहिरीत सोडलेली मोटर तुम्ही पाहिली असेल. तशीच एक लहानशी मोटर गाडीच्या टाकीत, पेट्रोलमध्ये बुडून बसलेली असते. ती पेट्रोल ढकलते आणि ते नळीतून इंजिनापर्यंत जातं. ते किती जोरानं जातं, ते फ्युएल प्रेशर. जोर कमी पडला की गाडी आधी खोकते, मग पिकअप सोडते, मग रस्त्याच्या कडेला बसकण मारते. डॉक्टर जसा पेशंट आल्याबरोबर बीपी बघतो, तसे आम्ही नळीला गेज लावून प्रेशर बघतो.

गाडी पहिल्यांदा आली तेव्हा प्रेशर खरंच थोडं कमी होतं. पंप जुना होता आणि कण्हत होता. आमचे हमीदभाई, माझ्याकडचे सगळ्यात अनुभवी मेकॅनिक, कान लावून म्हणाले, “मॅडम, ये तो रो रहा है.” पंप बदलायचा म्हणजे मागची सीट काढायची. सीटखाली बिस्किटांचा चुरा, खडूचे तुकडे आणि एक कानातलं निघालं. त्याच्याखाली झाकण, झाकणाखाली पंप. आधी पंपाचा करंट तोडून इंजिन फिरवावं लागतं, म्हणजे नळीत अडकलेला जोर उतरतो. हे विसरलं तर नळी सोडल्याबरोबर पेट्रोलची पिचकारी थेट तोंडावर, आणि होळी तर महिन्याआधीच होऊन गेलेली. मग बॅटरीची वायर काढायची आणि आसपास कोणी बिडी ओढत असेल तर त्याला रस्त्यापलीकडे हाकलायचं. हे सगळं रीतसर केलं. नवा पंप बसवला, जाळी बदलली, पारडीपर्यंत चक्कर मारून आले. गाडी मक्खन चालली. काकांनी मला आशीर्वाद दिला.

आठवडा गेला नाही तर आशीर्वाद परत घेतला.

आता वैशालीचं सांगते. ती कुहीच्या पुढे एका खेड्यात शाळेवर शिक्षिका आहे. नवरा नोकरीसाठी चंद्रपूरला. घरी सासू, सासरे आणि पहिलीतली पोरगी. गाडी हाती येण्याआधी ती बस बदलत जायची. अंधारात निघायची, दिवे लागल्यावर परत. पोरगी सकाळी झोपलेली आणि आई आली की पेंगुळलेली. काकांची गाडी पोर्चमध्ये धूळ खात उभी होती, तर नवऱ्यानं बापाशी भांडून ती बायकोला मिळवून दिली. तेव्हापासून वैशाली दुपारी घरी पोचायची आणि पोरीला आपल्या हातानं जेवू घालायची. पण गाडीचे कागद काकांच्या नावावर. काकांनी जाहीर करून टाकलं होतं की आता आणखी एकदा बंद पडली तर गाडी विकायची. कन्हानचं एक गिऱ्हाईकसुद्धा त्यांनी बघून ठेवलं होतं.

तर त्या दिवशी गेज लावून गाडी अर्धा-पाऊण तास जागच्या जागी चालू ठेवली. काटा ढिम्म. हमीदभाईंनी एक्सलेटर दाबून बघितला. काटा ढिम्म. ते हात पुसत म्हणाले, “पंप तो शेर है, मॅडम.” म्हणजे पंप निर्दोष, म्हणजे मी निर्दोष. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच वैशालीकडे बघून लाजही वाटली, कारण मी सुटले म्हणजे ती अडकली.

काकांना तर जोरच चढला. वैशाली क्लचवर पाय ठेवूनच चालवते, चढावर गिअर बदलत नाही, फोनवर बोलते, असं बरंच काही. त्यांचा मुख्य मुद्दा असा की मी बाजारात नेतो, सक्करदऱ्याले नेतो, मंग माझ्याच हातून काहून नाही बंद पडत? आणि शेवटी, “नाचता येईना अंगण वाकडं.” वर त्यांच्याजवळ पुरावाही होता. गाडी बंद पडली म्हणून वैशाली फोन करायची, कोणाला तरी पाठवलं जायचं, तो माणूस तासाभरानं पोचायचा, चावी फिरवायचा आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू. चार लोकांसमोर ती खोटी पडायची.

मला राग आला. बाईच्या हातात स्टिअरिंग असलं की लोकांना बॉनेट उघडायची गरजच वाटत नाही, हा अनुभव मला नवा नाही. मी काकांना हमीदभाईंसोबत चहाला पाठवलं आणि वैशालीला स्टुलावर बसवलं. म्हटलं, गाडी कधी बंद पडते, कशी बंद पडते, सगळं सांग. तुला बिनकामाचं वाटते तेही सांग.

ती बराच वेळ बोलली. जाताना कधीच पडत नाही. येताना पडते, तेही उन्हात, बरंच अंतर कापल्यावर. आधी दम लागल्यासारखी करते, मग जाते. थोडा वेळ उभी ठेवली की आपोआप चालू होते. मग ती आवाज खाली आणून म्हणाली,

“ताई, एक गोष्ट आहे, पण तुम्ही हसाल. ज्या दिवशी मी येताना पेट्रोल भरते, त्या दिवशी बंद नाही पडत. मी बाबांले सांगितलं तर म्हणाले, म्हणजे तू रिझर्व्हवर चालवून राहिली.”

“होती का रिझर्व्हवर?”

“नाही न. अर्धी टाकी असते.”

मी हसले नाही. पेट्रोल भरताना टाकीत पेट्रोल जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या आधी एक गोष्ट होते, टाकीचं झाकण उघडतं. मी टॉर्च घेतला, पुठ्ठा अंथरला आणि गाडीखाली शिरले.

इथे पुन्हा थोडं समजावते. टाकीतलं पेट्रोल कमी झालं की त्याच्या जागी हवा आत यावी लागते. शिवाय टाकीत जमलेली पेट्रोलची वाफ इंजिन स्वतःच ओढून जाळतं, तिच्याही जागी हवा लागते. त्यासाठी टाकीजवळून एक नळी बाहेर उघडी सोडलेली असते. टाकीचं नाकच म्हणा. हे नाक बंद झालं तर टाकीत हवा विरळ होत जाते, पंपाला पेट्रोल खेचणं जड जातं, त्यात ऊन असेल तर पेट्रोलची वाफ व्हायला लागते आणि पंपाच्या तोंडी पेट्रोलऐवजी बुडबुडे येतात. प्रेशर कोसळतं. गाडी थोडा वेळ उभी राहिली की कुठूनतरी हवा झिरपते आणि सगळं पूर्ववत. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला हा त्रास होत नाही, कारण उभी गाडी पेट्रोल पिते किती? आणि सक्करदऱ्यासारख्या जवळच्या ठिकाणी जाऊन येतानाही तो होत नाही.

नाक सापडलं. त्यात एक रबरी बूच होतं. साधंसुधं नाही, प्रयोगशाळेतल्या बाटलीला असतं तसं, बरोबर मापाचं, आणि वरून तांब्याच्या तारेनं आवळलेलं. तारेची टोकंसुद्धा कोणाला टोचू नयेत म्हणून आत वळवलेली. इतकं सुबक काम माझ्या गॅरेजमध्ये कोणी करत नाही. बाहेर येऊन मी टाकीचं झाकण उघडलं, तर त्यातही सायकलच्या ट्यूबची जास्तीची रिंग घट्ट बसवलेली.

मी वैशालीला विचारलं, काका कुठे होते नोकरीला? ती म्हणाली, कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये स्टोअर सांभाळायचे. घरी आमच्याकडे फिनाइलपासून खोबरेल तेलापर्यंत सगळ्या बाटल्यांना बाबांचीच बुचं आहेत. एवढं म्हणाली आणि थबकली. मी तिला गाडीखाली बोट दाखवलं. ती साडी आवरून वाकली, पाहिलं, आणि जेव्हा उठली तेव्हा तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. शाळेच्या मैदानात दिवसभर गाडी उन्हात उभी राहते, घरी आल्यावर तिला पेट्रोलचा वास येतो, पेट्रोल उडून चाललं, असं काका मार्चपासून घोकत होते. नागपूरच्या उन्हाळ्यात बूच सैल राहिलं तर स्पिरिटची भरली बाटली रिकामी होते, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. त्यांनी टाकीलाही बाटलीच समजून टाकलं होतं.

वैशाली चहाच्या टपरीकडे निघालीच होती. मी तिचा हात धरला. बूच काढणं एका मिनिटाचं काम होतं. पण आम्ही दोघींनी ते काढून दाखवलं असतं तर काका म्हणाले असते, बूच तर महिन्यापासून आहे, त्यानं काय होते? आणि गुपचूप काढून टाकलं असतं तर आणखीच वाईट. गाडी नीट चालली असती आणि काकांनी सगळ्या कॉलनीत सांगितलं असतं, पहा, रागावलो म्हणून सुधारली. गाडी वाचली असती, पण वैशालीच्या नावावरचा डाग तसाच. मला हे चालणार नव्हतं. म्हणून मी झाकण होतं तसं घट्ट लावलं, बूच जागेवरच ठेवलं, आणि काका आल्यावर मी जगातला सगळा साधेपणा तोंडावर आणून म्हटलं, “काका, तुमचंच बरोबर वाटून राहिलं मले. ड्रायव्हिंगचाच फरक असन. तुम्ही एकदा कुही रोडनं चालवून दाखवा. ही बाजूले बसून शिकन.”

काकांनी शर्टाची कॉलर सरळ केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

बॉनेटच्या फटीतून नळी बाहेर काढून मी गेज समोरच्या काचेवर टेपनं चिकटवलं, म्हणजे चालत्या गाडीत प्रेशर दिसतं. वैशाली पुढे, मी मागे, हमीदभाई मोटरसायकलवर मागून. रस्ता मोकळा, वर ऊन मी म्हणत होतं. काका खरोखर चांगले चालवत होते, हे मान्य करायला हवं. आणि चालवता चालवता शिकवत होते. क्लच असा सोडायचा. गिअर असा टाकायचा. पाहून राहिली न? वैशाली म्हणायची, हो बाबा. आरशात मला तिचे ओठ दिसत होते, दातांखाली घट्ट दाबलेले.

मी लॅबचा विषय काढला. काका खुलले. ईथर कसं सांभाळायचं, स्पिरिट कसं मोजून द्यायचं. पोरं किती ढ होती, तेही. एक काचेचं भांडं असतं म्हणे, वरून बूच आणि खालून तोटी असलेलं. पोरं नुसती तोटी उघडायची आणि थेंब पडत नाही म्हणून बोंबलत बसायची. “आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिलो, बाप्पा, आधी वरचं बूच काढा. मंग तोटी सोडा. पण डोक्यात शिरन तर ना!” मी म्हटलं, खरं आहे काका, काही लोकांच्या नाही शिरत.

धानाची कापलेली बांधी, म्हणजे रिकामी शेतं, दोन्ही बाजूंना सुरू झाली तेव्हा काचेवरचा काटा किंचित खाली आला. थोड्या वेळानं आणखी. काकांचं लक्ष नव्हतं, ते प्रॅक्टिकल परीक्षेतल्या गमती सांगत होते. मग गाडीनं खोकला काढला. काकांनी गिअर कमी केला आणि रस्त्याला शिवी दिली. गाडी पुन्हा खोकली. काटा झोपला. काकांनी कशीबशी ती कडेच्या बाभळीखाली घेतली आणि इंजिन बंद पडलं.

काकांनी चावी फिरवली. पुन्हा फिरवली. मला गप्प बसता आलं असतं, पण मी संत नाही.

“काका, क्लचवर पाय राहून गेला का?”

वैशालीनं तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

मी उतरले आणि काकांना म्हटलं, जरा टाकीचं झाकण उघडता का, माझ्याच्यानं नाही निघत. ते त्यांच्याही हातानं निघेना. शेवटी दोन्ही हातांनी पिळलं तर असा लांबलचक फुस्स आवाज आला की हमीदभाई मागून पुढे आले. टाकीनं हवा ओढून घेतली, आणि खाली टाकीचा आत दबलेला पत्रा धब्ब करून सरळ झाला. मी वैशालीला म्हटलं, आता तू लाव. तिनं चावी फिरवली. काटा सरसर वर चढला आणि गाडी चालू झाली.

काका झाकण हातात घेऊन उभे होते. त्यांनी ते उलटं केलं. आतली रिंग त्यांनी स्वतःच कापलेली होती, ती ओळखायला त्यांना कोणाची गरज नव्हती. मी एवढंच म्हटलं की खालच्या नळीलाही एक आहे, तार फार सुबक बांधली आहे. काका आमच्यापैकी कोणाकडेही न बघता म्हणाले,

“वरचं बूच काढल्याशिवाय खाली येत नाही.”

पुठ्ठा मागितला, त्या उन्हात स्वतः गाडीखाली शिरले, पकडीनं तार तोडली आणि बूच काढून आणलं. मला त्या क्षणी त्यांचा राग उरला नाही. चूक दिसल्यावर सत्तरीतला माणूस डांबरी रस्त्यावर पाठ टेकतो, हे मी आमच्या धंद्यातल्या मोठ्या मोठ्या साहेबांना करताना पाहिलेलं नाही. पण उठल्याबरोबर ते मूळ पदावर आले.

“पेट्रोल भरलं की चालते, हे तुले माहीत होतं, तं तू धडपणानं काहून नाही सांगितलं वं?”

“सांगितलं होतं, बाबा,” वैशाली म्हणाली. आवाज चढवला नाही. “तुम्ही म्हणाले, रिझर्व्हवर चालवते.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसेपर्यंत काका उभे राहिले. मग पुढचं दार उघडायच्या ऐवजी मागचं उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

“चाल,” ते म्हणाले. “शाळेपर्यंत ने. पाहू दे कुठं आहे ते.”

इतक्या दिवसांत त्यांनी शाळा पाहिलेलीच नव्हती. वैशाली चालवू लागली. कुही आलं, गेलं. डांबरी रस्ता संपून खडबडीत रस्ता लागला. काका दोनदा म्हणाले, अजून आहे का? ती म्हणाली, अजून आहे. शाळा बंद होती, मैदानात झाडाची सावली म्हणाल तर नावाला नाही. काका उतरले, मैदानाला एक चक्कर मारली, परत येऊन बसले आणि तिच्या मानेकडे बघत हळूच म्हणाले, “इतक्या दूर येते काय वं तू रोज?” तिचे डोळे भरले होते, मला आरशात दिसलं. माझेही भरले, सांगायला काय लाज. परतताना काकांनी कन्हानच्या गिऱ्हाइकाला फोन लावला आणि सांगितलं की गाडी सुनेला लागते, दुसरी पाहून घ्या.

गाडी तेव्हापासून एकदाही बंद पडलेली नाही. कॉलनीत काका सांगतात की कंपनीचा डिफेक्ट होता, कोणा मेकॅनिकले सापडत नव्हता, आपण रस्त्यावर उतरून शोधला. त्यांनी पाठवलेली बरीच गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात, म्हणून मीही त्या गोष्टीची दुरुस्ती करत नाही.

मात्र माझ्या कामात एक फरक पडला. गाडी पुन्हा पुन्हा बंद पडत असली की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, चालवतं कोण? मी आता तो मागाहून विचारते. आधी विचारते, हिची काळजी कोण घेतं? आणि त्या माणसाला जरा बाजूला बसवून, आधी टाकीचं झाकण उघडून बघते.